माझ्या साबणाला वास येतो

मी बनवलेला पहिला साबण अजून आमच्या घरात आहे. वाऱ्याने फाटक आपटू नये म्हणून तो त्याच्या खाली लावलेला असतो. त्याच्यावरून कितीतरी पावसाळे गेले. एकदा विटांचा ट्रक मागे घेताना त्याच्यावरून गेला, तर ड्रायव्हर खाली उतरून टायर तपासत बसला. साबणावर ओरखडा नाही. फेस त्याने आजवर कुणालाही दिलेला नाही. माझा नवरा रेल्वेत क्लार्क आहे. तो म्हणतो, रुळांखाली घालायला असलेच ठोकळे लागतात, वर विचारून बघू का?

मी जरा फुगवून सांगते, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या माहेरी झरीला, आमच्या पाड्यावर सगळे तसंच सांगायचे. कोंबडी हरवली की संध्याकाळपर्यंत तिला बिबट्याने नेलेलं असायचं, आणि सकाळी ती परत आली की बिबट्याला लोळवून आलेली असायची. पण आता जे सांगणार आहे त्यातला साबण खरा आहे, वासही खरा आहे, आणि त्या वासावरून आमच्या घरात जे झालं ते ऐकायला अर्धी गल्ली कुंपणाला टेकून उभी होती.

मी तलासरीकडची, नवरा डहाणूचा. कॉलेजच्या एसटीत जमलं. माझ्या सासूबाई शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत, पण शाळेतून; घरातला वर्ग चालूच आहे. त्यांचं माहेर चिंचणीचं, मासळी सुकवणाऱ्यांचं. लग्न ठरवायला आल्या तेव्हा माझ्या आईला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मुलीला बोंबील साफ करता येतात का?" आई म्हणाली, "ओढ्यातले खेकडे पकडता येतात." त्या उत्तराला सासूबाईंनी अजून मार्क दिलेले नाहीत.

साबणापर्यंत मी सरळ रस्त्याने आले नाही. आधी शिवणक्लास केला. माझा ब्लाऊज घालून बाई चालली की तिचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब आहे असं लोकांना वाटायचं. मग पार्लरचा कोर्स केला. गल्लीतल्या एका काकूंच्या भुवया मी इतक्या वर नेल्या की त्या मयताला गेल्या तरी त्यांना कसलं तरी नवल वाटतंय असं दिसायचं. मग चिकूची बर्फी. डहाणूत चिकू इतका, की सीझनमध्ये दार उघडं टाकलं तर शेजारीपाजारी पिशव्या आत सरकवून पळून जातात. बर्फी मात्र चालली. महिला मंडळाच्या प्रदर्शनात माझ्या टेबलासमोर गर्दी व्हायची, मुंग्यांची धरून. तपकिरी, चौकोनी, कडेने जरा दाणेदार अशी ती बर्फी लक्षात ठेवा.

पुढच्या वर्षी चिकूवाल्यांनी चिकू बाहेर पाठवला, बर्फी बसली, आणि मी तारापूरला एका कारखान्यात पॅकिंगला लागले. धुण्याची पावडर पिशव्यांत भरायची. हातमोजे मिळायचे, पण ते बहुतेक कुणा पैलवानाच्या मापाचे होते, त्यात माझे दोन्ही हात एकदम बसले असते. हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटायला लागली. भाकरीच्या पिठात हात घातला की डोळ्यांतून पाणी. फोन माझं बोट ओळखेना. बँकेत अंगठा लावला तर मशीनने सांगितलं, अशी कोणी बाई नाही. मी समोर उभी, पासबुक हातात, आणि मी नाही. कॅशियर म्हणाला, "ताई, हात धुऊन या." मी म्हटलं, "धुऊनच असे झालेत."

डॉक्टरांचं मलम लावलं की बरं वाटायचं, सोमवारी कामावर गेले की पुन्हा तेच. शेवटी झरीहून आत्या आली. आत्याचा आवाज असा की ती एसटीतून उतरली हे मला घरात कळतं. तिने पिशवीतून थंड पेयाची बाटली काढली. आत पिवळट, तुपासारखं थिजलेलं काहीतरी. मोहाच्या बियांचं तेल. आमच्या घरी ते दिव्यात, टाचांना, बैलाच्या खांद्याला, सगळीकडे जायचं, आणि मी शहरात येऊन ते साफ विसरले होते.

"हात आण," आत्या म्हणाली. "रडतीस कशाला, मेली नाहीस अजून."

"आत्या, आग होतेय गं."

"होणारच. तेल बाटलीत आणि हात वाऱ्यावर, मग आग नाही तर काय होणार?"

आत्याचं सगळंच बरोबर असतं असं नाही. त्याच दिवशी तिने मला खिशात कांदा ठेवायला सांगितलं, म्हणजे बँकेतली माणसं नीट बोलतात. पण तेल लागू पडलं. मी कारखाना सोडला, रोज तेल चोळलं, आणि एके दिवशी बँकेच्या मशीनने हिरवा दिवा लावून मला पुन्हा जगात घेतलं. तिथेच, रांगेत उभ्या उभ्या, मी ठरवलं की आता साबण करायचा, आणि या तेलाचाच करायचा.

घरात मात्र तेलाचा प्रवेश वाजतगाजत झाला.

"हा वास कसला?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

"मोहाच्या तेलाचा."

"तेलाचा? मी म्हटलं माळ्यावर काहीतरी मेलं."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या स्वयंपाकघरात सुक्या बोंबलाचा एक डबा आहे. त्याचं झाकण उघडलं की समोरच्या तारेवरचा कावळा एक पाय सोडून लटकतो. तो डबा उघडताना सासूबाई डोळे मिटून म्हणतात, "आहाहा!" म्हणजे बोंबील हा सुगंध, आणि मोहाचं तेल ही घाण. मी एकदा तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुलना करताना आधी विषय समजून घ्यावा."

साबण मी फोनवर बघून शिकले. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, हे व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं, पण ते व्हिडिओच्या शेवटी, आणि मी तोवर सोड्यावर पाणी ओतून बसलेली. पातेल्यातून असा काही फुत्कार आला की शेजाऱ्यांनी वायरमनला फोन लावला. वायरमन येऊन खांबावर चढलासुद्धा. त्या दिवसापासून आधी पाणी, मग सोडा, देवाचं नाव त्याच्याही आधी, आणि डोळ्यांवर नवऱ्याचा स्कूटरवरचा चष्मा. थोडं खोबरेल घातलं की फेस येतो, मोहाचं तेल जास्त घातलं की कातडी मऊ राहते, आणि वड्या कापल्यावर त्या सावलीत, वाऱ्यावर महिनाभर तरी पिकू द्यायच्या, हे सगळं मी चुका करत करत शिकले. उरलेल्या तेलात मेण घालून टाचांचं मलम करायला लागले. आत्या झरीहून तेल पाठवायची, तलासरीच्या बाजारात येणाऱ्या कुणाच्याही हाती, कधी लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर. एकदा ते तेल वऱ्हाडाने वाटेत भज्यांना वापरलं. लग्न टिकलंय.

जागा होती घरामागची खोली. सासूबाई तिथे पूर्वी शिकवण्या घ्यायच्या. भिंतीवर काळा फळा तसाच होता. माझ्या वड्या त्या फळ्यासमोर ओळीने बसायच्या आणि सासूबाई दारातून बघून म्हणायच्या, "माझ्या वर्गात आजवर इतके ढ विद्यार्थी बसले नव्हते."

मोहाचा साबण पहिल्यांदा विकायला नेला तो त्याच महिला मंडळाच्या प्रदर्शनात, त्याच टेबलावर. तपकिरी, चौकोनी, कडेने जरा दाणेदार. आता तुम्हाला कळलं असेल. बर्फीच्या वेळचे एक काका आले, पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांनी "अरे वा, बर्फी परत आली!" म्हणत नमुन्याची वडी उचलली आणि तोडून तोंडात टाकली. मी "काका!" म्हणेपर्यंत गिळलीसुद्धा. जरा वेळ विचार करून म्हणाले, "साखर कमी वाटते." आणि मग बोलायला लागले तसे तोंडातून फुगे यायला लागले. एक फुगा मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या अंबाड्यावर जाऊन बसला आणि भाषण संपेपर्यंत फुटला नाही. इतका दमदार फेस कुठल्या साबणाला येतो सांगा! पण त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. बायका यायच्या, वडी नाकाला लावायच्या आणि नाक कापल्यासारखी मान मागे घ्यायच्या. "गुलाबाचा नाही का?" "पांढरा नाही का?" "ताई, हा गूळ आहे का?"

संध्याकाळी मी सगळ्या वड्या परत घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीनंतर मी शिकवण्या पुन्हा सुरू करते आहे. खोली रिकामी कर. नाहीतर साबण तरी माणसात आण."

मला राग आला तो 'माणसात'चा. त्या तेलाने माझे हात माणसात आणले होते. मी साबणाची पाटी उचलून खोलीत गेले आणि दार जरा जोरात लावलं. दाराने बिजागरी सोडली, ती मी अजून लावलेली नाही.

तेवढ्यात एक बाई आली. मुंबईची, समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांतल्या दुकानांना सामान पुरवणारी. प्रदर्शनात तिने माझा साबण आणि मलम बघितलं होतं. आमच्या हॉलमध्ये बसून तिने चहा घेतला आणि म्हणाली, "हँडमेड आहे, स्टोरी आहे, सगळं आहे. फक्त कलर आणि स्मेल चेंज करा. प्लेन खोबरेल, व्हाइट. हा रोझचा, गुलाबाचा सेंट मी देते. हे मोहाबिहाचं नको." मग तिने लेबल दाखवलं. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई, मागे झाडं, खाली लिहिलेलं 'जंगलची राणी'. त्या राणीच्या भुवया माझ्या हातच्या वाटत होत्या.

"मोह नको आणि जंगल हवं?" मी विचारलं.

"फील हवा," ती म्हणाली.

सासूबाईंना बाई पसंत पडली. तिला बशीभर चिवडा मिळाला, मला डोळ्यांनी सांगण्यात आलं: ऑर्डर घे, नाहीतर खोली सोड. मी ऑर्डर घेतली. खोली गेली तर मोहाचा साबण कुठेच होणार नव्हता. आधी खोली वाचवू, मग बघू, असं मी स्वतःला समजावलं. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "गुलाब? आपल्यात कुणाच्या शेतात येतो गुलाब?" आणि फोन ठेवला. आत्या फोन ठेवते तेव्हा तो आदळल्यासारखा वाजतो, मोबाईल असला तरी.

पांढरा साबण केला. पाटीच्या पाट्या भरल्या. बाटलीतला गुलाब असा काही होता की कोपऱ्यावरच्या देवळातला पुजारी विचारायला आला, हार कुणाकडे आलेत. आणि मग परतीच्या पावसाने खोलीची भिंत ओली झाली. वड्या वाळेनात. उलट घामाघूम झाल्या. बाई यायची तारीख जवळ आली.

तोडगा सासूबाईंनीच काढला. "चिंचणीला ने, माझ्या वहिनीकडे. तिच्या अंगणातला वारा बोंबलासारख्या नुसत्या पाण्याच्या मासळीची काडी करतो, तुझ्या साबणाचं काय घेऊन बसलीस!"

बोलणं बिनचूक होतं. आमच्या किनाऱ्यावर चांगला कोरडा वारा कुठे लागतो ते बोंबील सुकवणारालाच कळतं. मी पाट्या रिक्षात घातल्या, आणि कुणी बघत नाही असं बघून मोहाच्या साबणाची एक पाटीही खाली सरकवली. त्यालाही जरा समुद्र दाखवावा म्हटलं.

मामीसासूबाई म्हणजे आमच्या किनाऱ्याचा भोंगाच. "ये गो सूनबाई! साबण सुकवायला आणलास? उद्या भात सुकवायला आणशील!" अंगणात बांबूंचे मांडव, त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकलेले, इतके की समुद्रात उरले असतील असं वाटत नव्हतं. साबणाला वारा हवा पण ऊन नको. आणि त्या अंगणात सावली एकाच ठिकाणी होती. बोंबलांच्या खाली. मी पाट्या तिथे मांडल्या. मामी म्हणाल्या, "छान जागा." मीही म्हटलं, छान जागा.

वड्या खडखडीत वाळल्या. नवऱ्याने घरी आणल्या. सासूबाईंनी एक वडी उचलली, नाकाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आहाहा! गुलाब, नुसता गुलाब." नवऱ्याने हुंगली. "मस्त." मी हुंगली. मलाही गुलाबच आला. इतकी वर्षं त्या घरात काढल्यावर माझं नाकसुद्धा चिंचणीचं झालं होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाई गाडी घेऊन आली. मी खोकं उघडलं. तिने वाकून बघितलं आणि अशी उडाली की पाठीमागच्या टीपॉयने तिला झेललं.

"शी! हे काय आहे? फिश?"

"कुठे?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं. खरंच विचारलं. नवऱ्याने तर खाली वाकून सोफ्याखाली बघितलं.

"अहो, याला ड्राय फिशचा वास येतोय! रोझ आणि ड्राय फिश!"

सासूबाईंनी चष्मा लावून वडी पुन्हा हुंगली, जणू वास वाचायचा होता. "मला काही येत नाही."

"तुम्हाला कसा येणार?" बाई रुमाल नाकाला लावून म्हणाली. "तुम्हा लोकांना या घाणीची सवय असते."

हॉलमध्ये पंखा फिरत होता, तोही जरा हळू झाल्यासारखा वाटला. सासूबाई उठल्या. त्या उभ्या राहतात तेव्हा अजूनही आमच्या गल्लीतली मोठमोठी माणसं शर्ट खोचून घेतात.

"घाण? बोंबलाला घाण म्हणालात?"

"तसं नाही मॅडम, आय मीन—"

"माझ्या बापाने बोंबील सुकवले आणि मला शिकवलं. त्या अंगणात बसून मी अभ्यास केला, डोक्यावर बोंबील, पुढ्यात पुस्तक. माझ्या वह्यांना वास यायचा. तपासणाऱ्या बाईंनी एकदा वही खिडकीतून बाहेर टाकली होती. मी ती उचलून आणून पुन्हा त्यांच्याच टेबलावर ठेवली. तुमच्या गुलाबाने किती पोरी शिकवल्या, सांगा बघू."

 हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यांच्या मुलालाही नाही. तो हळूच सोफ्याखालून बाहेर आला.

बाई व्यवहारी होती. तिने रुमाल खाली घेतला आणि माझ्याकडे वळली. "ओके, झालं ते झालं. लॉट पुन्हा करा. मी मुंबईत जागा देते, एसीत वाळवा."

आता खोली माझ्यासमोर होती, ऑर्डर होती, आणि सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पेपर वाटताना त्यांचा तोच चेहरा असणार.

"नाही करणार," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"पांढरा नाही करणार. तो माझा नाहीच. माझा हा." मी मोहाची वडी तिच्या हातात ठेवली. तीही त्याच बोंबलांखाली वाळली होती. तिने ती लांबूनच हुंगली, मग जवळून हुंगली.

"याला फिशचा वास नाही," ती चकित होऊन म्हणाली.

"त्याला स्वतःचा आहे. दुसऱ्याचा घ्यायला त्याच्याकडे जागा नाही."

तिने वडी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "इंटरेस्टिंग. हाच पांढरा करता येईल?"

"नाही!" सासूबाई आणि मी एकदम म्हणालो. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघी एकाच वेळी एकच शब्द पहिल्यांदा बोललो. कुंपणावरून कुणीतरी टाळी वाजवली.

गाडी गेली. मी म्हटलं, "खोली कधी रिकामी करू?"

"घाई काय आहे?" त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, त्या तेलाला वास येतो तो येतोच. माझं मत बदललेलं नाही."

पांढऱ्या वड्या मामी घेऊन गेल्या. चिंचणीत त्या हातोहात संपल्या. गुलाबाचा असा खरा वास फार वर्षांनी मिळाला असं तिथल्या बायकांचं म्हणणं पडलं. बोंबील कुणालाही सापडला नाही. मोहाच्या वडीने मात्र मामींनी मासळी कापल्यावर हात धुतले, आणि फोन करून ओरडल्या, "सूनबाई, वास गेला गो! हातांच्या भेगा पण भरल्या! मोठी पाटी आण!" तिथून सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. चिंचणीच्या बाजारात बायका आता माझा साबण चाकूच्या शेजारी ठेवतात. आत्याला तेल पुरवता पुरवता दम लागतो. ती म्हणते, यंदा बिया वेचायला रानातली माकडंसुद्धा कामावर लावली आहेत. मी खरं मानते.

शिकवण्या काही सुरू झाल्या नाहीत. मोरीत मात्र एक तपकिरी तुकडा दिसायला लागला. मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "बोंबील साफ केल्यावर वापरते. हातांना. तोंडाला नाही."

यंदा प्रदर्शनाला निघाले तेव्हा मी खोलीतला फळा भिंतीवरून काढला आणि खडूने लिहिलं, 'मोहाच्या तेलाचा साबण. वास येतो.' सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता अक्षराला नावं ठेवणार. त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला आणि पुढे आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'येणारच.' मग साडी बदलून आल्या, काखेत सुक्या बोंबलांची पुडकी. "मी पण येते. तुला गिऱ्हाईकाशी बोलता येत नाही."

एका टेबलावर साबण आणि बोंबील बघून अध्यक्षीणबाईंनी आम्हाला दाराबाहेर, झाडाखाली बसवलं. बरंच झालं, वारा चांगला होता. पहिलंच गिऱ्हाईक म्हणून ते पोस्टातले काका आले. वडीकडे बघून जरा दूर थांबले.

"यंदा बर्फी आहे की साबण?"

"साबण," सासूबाई म्हणाल्या. "खायचाच असेल तर बोंबलाबरोबर खा. इकडे आहेत."

काकांनी दोन्ही घेतलं.